कुंपणाबाहेरचा वर्ग

प्रिय धाकट्या,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलं आहे. त्याचा फार अर्थ काढत बसू नकोस.

तुझा फोनवरचा निरोप ऐकला. वर्ष उलटून गेलं तुझा आवाज ऐकून, त्यामुळे पहिल्यांदा नुसता आवाजच ऐकला आणि शब्द निसटले. म्हणून परत लावला. "माझ्या पोरीला फितवलीस तू. आता ठेव तिला तुझ्याकडेच. मला तुम्हा दोघींची तोंडंसुद्धा बघायची नाहीत." मागून तुझ्या बायकोचं "अहो, काय बोलताय" ऐकू आलं आणि तेवढ्यात तू फोन आपटलास. फोन आपटता येतो, निरोप मात्र परत घेता येत नाही. तो माझ्याकडे आहे. तुझ्या लेकीला मी तो ऐकवलेला नाही. तेवढे उपकार मान.

उलट फोन केला असता, पण तू मध्ये बोलतोस. लहानपणापासून समोरच्याचं वाक्य तू पूर्ण होऊ दिलेलं नाहीस. कागदाला मध्ये बोलता येत नाही. हा फाडून टाकता येईल, ते मला माहीत आहे. पण तू फाडणार नाहीस, कारण तुझी लेक माझ्या घरी काय करते आहे हे यात कुठेतरी असणार आणि तुला ते हवं आहे. शेवटी लिहिलं आहे. तोवर वाच.

फितवण्याचं बघू, पण आधी तळ्याचं. तू तुझ्या न्यासाच्या माहितीपत्रकात छापलं आहेस की बस डेपोमागचं तळं 'उजाड आणि दुर्लक्षित' होतं आणि न्यासाने तिथे निसर्ग आणला. निसर्ग काय तू टेम्पोतून आणलास? जुन्या वीटभट्टीने माती उपसून जे खड्डे केले त्यांत पाणी साठत गेलं, लव्हाळी आली, बेडूक आले, बेडकांमागे बगळे आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मी रविवारी मुलांना तिथे न्यायला लागले, कारण माझ्या वर्गातली एक मुलगी शांतपणे उभी राहून मला म्हणाली होती, "बाई, आपल्या शहरात निसर्ग नाहीये ना, मग हा धडा आपल्याला कशाला?" मला तिचा राग आला नाही. पुस्तकात सिंह होता, हरीण होतं आणि गवत होतं. यातलं तिने एकही पाहिलेलं नव्हतं. गवतसुद्धा नाही.

मग ती आली, तिच्या मैत्रिणी आल्या, दुसऱ्या शाळांची मुलं आली. माझे नियम तुला माहीत आहेत. पहिला अर्धा तास कुणी बोलायचं नाही आणि फोन माझ्या पिशवीत. नुसतं बसायचं. मुलं वैतागायची. एकाने तर विचारलं होतं, "बाई, हे कधी सुरू होणार?" त्याच मुलाने पुढे चतुराची अळी पाण्यातून देठावर चढून, पाठ फाडून, पंख घेऊन बाहेर येताना पाहिली आणि त्याला घरी न्यायला आलेल्या आईला हाताने थांबवून ठेवलं. पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती कुठवर दिसते त्यावरून पाणी किती नितळ ते ठरवायचं. चाळणीत आलेला प्रत्येक किडा ओळखायचा आणि परत सोडायचा. प्लास्टिक वेचायचं, पण पक्षी घरटी करत असतील तिथलं नाही, ते नंतर. जळू चिकटली तर ओरडायचं नाही, मीच ओरडेन. पोरं मला पाठीमागे 'चिखलबाई' म्हणायची. तुझ्या न्यासाने मला जी काही विशेषणं दिली त्यांच्यापेक्षा ते बरंच बरं होतं.

तेव्हा तू आलास, तुझी लेक लहान होती तेव्हा. जाहिरात कंपनीने तुला नोकरीवरून काढून घरी बसवलं होतं आणि तू दिवसभर भिंतींशी वाद घालत होतास. माझे जुने गमबूट घालून तू काठावर बसलास आणि पहिला अर्धा तास खरंच बोलला नाहीस. मी मनात म्हटलं, चमत्कार झाला. दुपारी मात्र म्हणालास, "ताई, एवढं सोनं इथे पडलंय आणि तू चार पोरांना वाटतेयस?"

इथे मी तुला तुझं श्रेय देते, कारण पुढे मी तुला काहीही देणार नाही. तळ्यात राडारोडा ओतणाऱ्या गाड्या तू थांबवल्यास. मी अर्ज करकरून थकले होते. तू कुणाच्यातरी केबिनमध्ये जाऊन हसत हसत बोललास आणि गाड्या थांबल्या. कॉलेजांकडून स्वयंसेवेच्या तासांना गुण मिळवून दिलेस, म्हणून मुलं यायला लागली. गुणांसाठी आली म्हणून मी नाक मुरडलं नाही. कशासाठी का येईनात, पाय चिखलात पडला की पुढचं चिखल बघून घेतो. तुझ्या पहिल्या शिबिरातली दोन-तीन पोरं आजही माझ्याकडे आहेत आणि माझ्या सगळ्यात चांगल्या मुलांत मोडतात. हे मी आजवर तुला सांगितलं नव्हतं. तुला सांगून उपयोग काय होता? तू लगेच ते माहितीपत्रकात छापलं असतंस.

मग काही वर्षांनी तुला ती बांधकाम कंपनी भेटली. पैसा तिचा, न्यास तिचा, चेहरा तुझा. हिरवे टी-शर्ट आले, बसगाड्या आल्या, कमान आली, लाउडस्पीकर आला. निसर्गात जाऊन लाउडस्पीकर! तुझं नवं ऑफिस बघायला मी आले तेव्हा भिंतभर प्लास्टिकचं गवत चिकटवलेलं होतं. मी त्याला हात लावला तर तू म्हणालास, "ताई, हात नको लावूस, निघतं ते." ते वाक्य मी बरेच दिवस लोकांना सांगून हसत होते.

हसू संपलं ते वृक्षारोपणाच्या दिवशी. तळ्याच्या पलीकडची कोरडी माळजागा तुला 'रिकामी' दिसली. मी तुला आठवडाभर आधी सांगितलं होतं की तिथे टिटव्या अंडी घालतात. उघड्यावर, खड्यांच्या मध्ये. मातीच्याच रंगाची असतात, पायाखाली आल्याशिवाय दिसत नाहीत. तिथे झाडं नकोत, उघडी जमीनच हवी. तू "बघतो" म्हणालास. तुझं 'बघतो' म्हणजे काय असतं ते मला कळायला हवं होतं. रविवारी येऊन बघते तर माळभर खड्डे खणलेले, बसगाड्यांतून शेकड्यांनी पोरं उतरतायत आणि टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत जीव खाऊन ओरडतायत. पोरांना वाटलं पक्षी त्यांचं स्वागत करतायत. तसं तुझ्या निवेदकानेच सांगितलं होतं.

मी माळाच्या तोंडाशी उभी राहिले आणि म्हटलं, "एकही पोरगं पुढे जाणार नाही." तू धावत आलास. "ताई, कंपनीची माणसं आलीयत, आत्ता नको." मी म्हटलं, "मग कधी? अंडी फुटल्यावर?" तू हळू आवाजात म्हणालास, "चार अंड्यांसाठी पाचशे पोरांचा उत्साह मारायचा?" मी म्हटलं, "पोरांना खरं सांग, ती स्वतःहून मागे होतील. पोरं तुझ्याएवढी मठ्ठ नाहीत." चूक माझी एवढीच की हे मी हळू आवाजात म्हटलं नाही. मग तू माइक घेतलास. तुझ्या त्या गोड, विकाऊ आवाजात म्हणालास, "मित्रांनो, ही माझी थोरली बहीण. जरा तापट आहे, वयही झालंय, पण निसर्गावर फार प्रेम आहे हं तिचं. तिच्यासाठी जोरदार टाळ्या!"

आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

धाकट्या, मला आयुष्यात पुष्कळांनी शिव्या दिल्यात. मुख्याध्यापकांनी दिल्या, पालकांनी दिल्या, राडारोड्याच्या गाडीवाल्यांनी तर शेलक्या दिल्या. त्या सगळ्या मी पचवल्या. त्या टाळ्या मला आजही पचलेल्या नाहीत. त्या टाळ्यांत माझ्या स्वतःच्या वर्गातली पोरंही होती. टाळ्या वाजवता वाजवता ती माझ्याकडे बघत होती, हात थांबवावेत की नाही हे न कळून. तू मला शिवी दिली असतीस तर मी उभी राहिले असते. टाळ्या मिळाल्यावर माणसाला बाजूला व्हावंच लागतं. मी बाजूला झाले. पोरं माळावर गेली. काय झालं ते सांगत बसत नाही.

पुढच्या रविवारी तळ्याच्या फाटकाला कुलूप आणि खुर्चीवर पहारेकरी. "न्यासाचा पास दाखवा." मी म्हटलं, "न्यास माझ्या भावाचा आहे." तो बिचारा म्हणाला, "बाई, त्यांनीच तुमचा फोटो दाखवून ठेवलाय." माझा कुठला फोटो दिलास रे? तो तरी बरा दिलास का? मी भांडले नाही. मुलांना घेऊन कुंपणाला वळसा घातला. डेपोच्या भिंतीलगत तळ्याचं जादाचं पाणी वाहून नेणारं गटार आहे ना, तिथे बसले. वर गाड्या धुतल्याचं तेलकट पाणी येऊन मिळतं, खाली तळ्यातलं. दोन्हीच्या मध्ये कुठले किडे तगतात आणि कुठले मरतात हे शिकवायला त्याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. वास येतो. पोरांना सवय होते. त्या गटाराकाठी माझा वर्ग आजही भरतो, आणि त्यात कुणालाही गुण मिळत नाहीत.

आता तुझ्या लेकीकडे येते.

गेल्या वर्षी तुझं दुसरं वृक्षारोपण झालं, त्याच माळावर. तुझी लेक कॉलेजात गेली होती आणि तू तिला स्वयंसेवकांची कप्तान केली होतीस. तिच्या गटाला रोपं मिळाली, खड्डे दाखवले गेले. तिने एका खड्ड्यात हात घातला तर आत वाळलेली काटकी, आणि काटकीला गेल्या वर्षीच्या कुणा मुलाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. दुसऱ्या खड्ड्यातही तेच. तिसऱ्यातही. तुम्ही मेलेली रोपं उपटून त्याच खड्ड्यांत नवी लावत होतात. ती तुझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाबा, हे तर आपण मागच्या वर्षीच लावलं होतं." तू तेव्हा पाहुण्यांना फेटे... नाही, टोप्या वाटत होतास म्हणे. तू म्हणालास, "फोटो होऊ दे गं, मग बोलू." फोटो झाला. त्यात ती हसते आहे. तो तुझ्या ऑफिसात त्या प्लास्टिकच्या गवतावर टांगला आहेस.

'मग बोलू' ते 'मग' काही आलं नाही. एके दिवशी ती माझ्या दारात उभी. मी प्रेमाने घेतलं असेल असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखत नाहीस. मी विचारलं, "बापाने पाठवलंय का?" ती म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "मग चपला बाहेर काढ आणि बोल." स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिने सगळं सांगितलं. रडली नाही. शेवटी म्हणाली, "आत्या, मला शिकव." मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या शिबिरात प्रमाणपत्र मिळतं, तिकडे शिक." ती म्हणाली, "ती चार आहेत माझ्याकडे."

मी तिला गटाराकाठी आणलं आणि सगळ्यांत घाणेरडं काम दिलं, पळून जावी म्हणून. चाळणी धुवायची, गाळ उपसायचा, तेलाचा तवंग बाटलीत भरायचा. ती आली ती येतच राहिली. घरी "पोहायला जाते" म्हणून सांगायची, कारण ओली होऊन परतायची. पोहण्याच्या तलावाला असला वास येत नाही हे तुझ्या बायकोला पहिल्याच दिवशी कळलं असणार. तिने तुला सांगितलं नाही. का सांगितलं नाही याचा विचार तू कर. मी काही तुझ्या घरात शिरत नाही.

एक मात्र ऐकून ठेव. मी एकदाही तिच्यापुढे तुझ्याविरुद्ध बोलले नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. तुझा विषय काढला की माझं डोकं दुखतं म्हणून.

मग तुझं ते केंद्र आलं. 'निसर्ग शिक्षण केंद्र'. मी तुझ्या ऑफिसात परत येऊन ती काचेच्या पेटीतली प्रतिकृती पाहिली. बसगाड्यांना जागा, दुमजली सभागृह, उपाहारगृह, फरशीची वाट, आणि मध्ये निळ्या रंगाचं बशीएवढं तळं. मी विचारलं, "उरलेलं तळं कुठे आहे?" तू म्हणालास, "सभागृहाखाली थोडं जातं." मी म्हटलं, "आणि पोरं बघणार काय?" तू खरोखर, अगदी मनापासून म्हणालास, "आत भला मोठा पडदा आहे ताई. जगातले सगळे पक्षी दिसतील."

मी हसले, ते तुला लागलं. मग तू बोललास ते मला लागलं. "तुला वाटून घ्यायचंच नाही. तुला तळं तुझ्यापुरतं हवंय. वर्षाला मूठभर पोरं, आणि त्यांच्या मधोमध तू. माझ्याकडे रोज हजार येतील, म्हणून पोटात दुखतंय तुझ्या." तू ते वाक्य बरेच दिवस तयार ठेवलं होतंस हे तुझ्या तोंडावर दिसत होतं. बहिणीसाठी असलं वाक्य घासूनपुसून ठेवणाऱ्या माणसाशी काय बोलायचं? मी तिथून निघाले. तेव्हापासून आपण बोललेलो नाही.

केंद्राला परवानगी देणाऱ्या समितीने बोलावलेल्या नागरिकांच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या वतीने केंद्राची बाजू मांडायला तू तुझ्याच लेकीला उभी केलीस. तिने मला सांगितलं तेव्हा ती भांबावली होती. मी तिला म्हटलं, "सांग बापाला, घसा बसलाय. दुसऱ्या कुणालातरी उभं कर." ती म्हणाली, "दुसरं कुणी उभं राहिलं तर ते वाचून दाखवेल ना, आत्या." मी म्हटलं, "वाचू दे. तू मध्ये पडू नकोस. हे माझं आणि त्याचं भांडण आहे." तेव्हा तुझी लेक माझ्यावर पहिल्यांदा चिडली. "तुमचं भांडण तुमच्याकडेच ठेवा! तळं काय तुम्हा दोघांचंच आहे?" तिचा आवाज थेट तुझ्यासारखा चढतो. हेच तुझं फितवणं. मी तिला अडवलं, ती अडली नाही. विश्वास ठेवायचा तर ठेव.

मी बैठकीला आले ते तुला दिसलं होतं. शेवटच्या रांगेत दाराशी बसले होते, आणि तू तुझ्या माणसाला डोळ्याने खूण करून माझ्या शेजारी उभं केलं होतंस. बिचाऱ्याने मला पाणी आणून दिलं. मी बोलायला आलेच नव्हते.

ती उभी राहिली. तू लिहून दिलेला कागद तिने उघडलाच नाही. तिने सांगितलं की मी स्वयंसेवकांची कप्तान होते आणि आम्ही त्याच खड्ड्यांत दोनदा झाडं लावली, कारण ती तिथे जगतच नाहीत. सभागृह जिथे येणार आहे तिथे पाणी आहे, आणि पाण्यात कोण कोण राहतं ते तिने एकेकाची ओळख करून द्यावी तसं सांगितलं. मग म्हणाली, "आम्हाला इमारत नको असं नाही. डेपोची जुनी शेड रिकामी आहे, तिथे बांधा. आणि तळ्याचं फाटक उघडं ठेवा. शिकायला आम्हाला तेवढंच लागतं." सभेत कुजबुज सुरू झाली. कंपनीचा तो सोनेरी चष्मेवाला तुझ्याकडे वळून बघायला लागला. तू खुर्ची मागे ढकललीस आणि उठून चालता झालास. माझ्या अंगावरून गेलास, माझ्याकडे न बघता.

तुला वाटलं तिथे ते संपलं. संपलं नव्हतं. समितीतल्या त्या वयस्कर बाईंनी तिला विचारलं, "बाळ, हे सगळं तुला शिकवलं कुणी?" सगळी सभा मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. मी खाली मान घातली. मला खरंच वाटलं, आता ही माझं नाव घेणार. आणि खोटं कशाला बोलू, मला ते हवंही होतं.

तुझी लेक म्हणाली, "माझ्या बाबांनी. मी लहान होते तेव्हा मला बेडकांची भीती वाटायची. बाबांनी मला खांद्यावर बसवून तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात नेलं होतं, आणि म्हणाले होते, बघ, बेडूक आपल्याला घाबरतोय, आपण त्याच्या घरात शिरलोय, हळू बोल. बाबा आत्ता बाहेर गेलेत. पण ते त्यांनीच शिकवलंय."

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या बाईंनी चष्मा पुसला आणि समितीने निर्णय पुढे ढकलला. केंद्र रद्द झालेलं नाही, उगाच छाती बडवून घेऊ नकोस. आधी ते सगळे पाय भिजवून तळं बघणार आहेत आणि ती शेडही. कंपनी तुला ठेवते की काढते ते मला माहीत नाही आणि मला त्याची काळजीही वाटत नाही. असं मी म्हणते आहे.

सभा सुटल्यावर ती तुझी गाडी शोधत होती. तू गेला होतास. म्हणून ती माझ्याबरोबर आली. ती माझ्याकडे का आहे हे तुला हवं होतं ना? एवढंच आहे ते. तू थांबला असतास तर ती तुझ्याबरोबर घरी गेली असती आणि तुम्ही वाटेत एकमेकांचे गळे धरले असतेत.

या रविवारी गटाराकाठी पोरांनी तुझ्यावर विनोद सुरू केले. चांगले होते विनोद, मलाही हसू आलं. ती चाळणी खाली टाकून उभी राहिली. "माझ्या बाबांबद्दल एक शब्द बोलायचा नाही कुणी." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तूसुद्धा, आत्या." पोरं परत गाळ उपसायला लागली. मी तिची चाळणी उचलून तिच्या हातात दिली.

तेव्हा हे पत्र लिहायचं ठरवलं. तुला माफ करायला नाही, आणि समेट करायलाही नाही. त्या टाळ्यांचं आपलं अजून व्हायचं आहे. ही पोरगी माझ्याकडे राहिली तर मला आवडेल. घरात कुणीतरी दारं आपटतंय, ओले मोजे वाट्टेल तिथे टाकतंय, याची मला सवय लागायला लागली आहे. म्हणूनच मी तिला उद्या सकाळी घरी पाठवते आहे. तिला मी विचारलेलं नाही, सांगितलं आहे. तू निरोपात म्हणालास तुला तोंडं बघायची नाहीत. माझं बघू नकोस. मी लग्न मोडून परत आले तेव्हा आपल्या बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. एका घरात राहून, एका टेबलाशी जेवून, शेवटच्या आजारात मी त्यांची औषधं देत असतानासुद्धा ते भिंतीकडे बघून हात पुढे करायचे. तू ते सगळं पाहिलं आहेस. मला त्यांच्या रागाचं काही वाटलं नसतं रे. राग मला कळतो. एकदा जरी माझ्यावर ओरडले असते तर मी त्या ओरडण्यावर जन्म काढला असता. म्हणून ती आली की भांड तिच्याशी. हवं तेवढं भांड, आरडाओरडा कर, शेजारी गोळा होऊ देत. ती पण देईल तुला, कमी पडणार नाही. पण तोंड फिरवून आत जाऊ नकोस. बोल तिच्याशी, धाकट्या.

अजूनही तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
ताई